हात लावायचा हत्ती

मित्रांनो, मी एक जुना कापडी हत्ती आहे आणि मला राग आला आहे. कापसाने भरलेल्या पोटात राग कसा मावेल, असं तुम्ही म्हणाल. मावतो. मी तो कितीतरी दिवस भरून ठेवला आहे.

ज्या दिवशी मला सगळं कळलं, तो दिवस आधी सांगतो. बिबवेवाडीतल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, दिवाणाखाली एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात आम्ही हत्ती राहतो. चौदा विकायचे आणि पंधरावा मी, न विकायचा. दिवाळीचं प्रदर्शन संपलं की आमची पेटी बंद होते आणि उन्हाळ्याच्या प्रदर्शनाला उघडते. त्याची आम्हाला सवय होती. पण या वेळी उन्हाळा गेला, पावसाळा गेला, पुढची दिवाळी तोंडावर आली, तरी पेटी उघडली नाही. आतल्या डांबरगोळ्या विरून संपल्या. शेवटी एका सकाळी झाकण करकरलं. मी ललिताताईंचा चेहरा बघायला तयार होतो. पण वर कचरूकाकांचा चेहरा होता. ते ललिताताईंचे मालक. त्यांनी ही पेटी आजवर फक्त उचलली होती, उघडली कधीच नव्हती.

त्यांनी मला बाहेर काढलं आणि मला भिंत दिसली. त्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी मी नेहमी पाहत आलो होतो. आता खाली तिसरी होती. तिच्यात ललिताताई होत्या. चष्मा तोच होता. तसबिरीला पांढऱ्या फुलांचा हार होता.

मला असं कळलं. सहा महिने होऊन गेले होते. घरात माणसं आली असतील, वंदना झाली असेल, कोणी रडलं असेल. सगळं दिवाणाच्या वर झालं. आम्ही दिवाणाच्या खाली होतो आणि उन्हाळ्याची वाट बघत होतो. एकदा झाकण उघडून कोणी सांगायला काय हरकत होती?

काकांनी मला मांडीवर घेतलं. माझ्या पाठीवर रंगीबेरंगी दोऱ्यांचे वाकडेतिकडे टाके आहेत. त्यांच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग तसबिरीकडे बघून म्हणाले, "हात एवढा कापत होता तुझा. तरी शिवत राहिलीस." आणि ते रडायला लागले.

माणूस रडत असताना त्याच्यावर रागावू नये, हे मलाही समजतं. पण ते टाके ललिताताईंचे नव्हतेच! मला ओरडून सांगायचं होतं. सांगणार कसं? ललिताताईंनी मला सोंड लावली, पांढऱ्या कापडाचे सुळे लावले, शर्टाच्या बटणांचे डोळे लावले. तोंड लावायचं त्यांना सुचलं नाही.

आता माझा जन्म सांगतो. ललिताताई महापालिकेच्या बालवाडीत शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "मला घर खायला उठतं." त्यांनी काकांची जुनी कामाची पँट काढली. काका भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. आलेला प्रत्येक भाग मोजायचा आणि पास की नापास ते ठरवायचं, हे त्यांचं काम. त्या करड्या पँटचं माझं अंग झालं. ताईंच्या जांभळ्या साडीच्या काठाचे माझे कान झाले. पोटात कापूस आणि कातरणं भरून त्यांनी मला उभं केलं.

काकांनी मला टेबलाच्या काचेवर ठेवलं, बोटाने टिचकी मारली आणि मी डुगडुगलो.

"मागचा उजवा पाय आखूड आहे," काका म्हणाले. "रिजेक्ट."

"अहो, त्याला कुठे चालत जायचंय?" ताई म्हणाल्या.

"माल म्हणजे माल. विकायला ठेवायचा तर चारही पाय टेकले पाहिजेत."

म्हणजे मी जन्मतःच नापास. त्याचं मला दुःख नाही. पुढचे हत्ती चारही पाय टेकून उभे राहिले, पास झाले, विकले गेले. आज ते कोणाकोणाच्या शोकेसमध्ये काचेआड बसले असतील. मी मात्र बारा वर्षं प्रदर्शनं केली.

पहिलं प्रदर्शन कोथरूडच्या एका मंगल कार्यालयात होतं, हातांनी केलेल्या वस्तूंचं. शेजारीपाजारी सगळीकडे पाट्या होत्या, "हात लावू नये." ताईंनीही बघून बघून तशीच पाटी लिहिली आणि टेबलावर ठेवली. तेवढ्यात एक मुलगी आली. तिने दोन्ही हात मागे बांधले होते. पाटी वाचून तिने नाक टेबलापर्यंत आणलं आणि विचारलं, "आजी, मग हे मऊ आहेत हे कसं कळणार?"

ताईंनी पाटी उलटी केली. पिशवीतून मला काढलं. काकांनी नापास केलं तरी त्यांनी मला सोबत आणलं होतं. पाटीच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "याला हात लावा."

पुण्यात अशी पाटी कोणी पाहिली नसावी. थोड्या वेळाने एक आजोबा आले. त्यांनी पाटी दोनदा वाचली.

"बाई, यात 'नका' लिहायचं राहिलंय."

"राहिलं नाही हो," ताई म्हणाल्या. "काढून टाकलंय."

आजोबा हसले नाहीत. पण त्यांनी इकडेतिकडे बघून हळूच माझी सोंड दाबली.

मित्रांनो, तेव्हापासून माझं आयुष्य सुरू झालं. मुलांनी मला दाबलं, फेकलं, झेललं, सोंडेला धरून गरगर फिरवलं. अर्थातच मी फाटलो. पहिल्यांदा पाठ उसवली तेव्हा तो मुलगा आईच्या मागे लपला. ताईंनी दोऱ्यांचा डबा उघडला आणि त्याला म्हणाल्या, "मी ओरडत नाही. रंग निवड." त्याने लाल निवडला. ताईंनी त्याच्या हातात सुई दिली, स्वतःचा हात त्याच्या हाताखाली धरला आणि त्याच्याकडून एक टाका घालून घेतला. टाका बेडकासारखा दिसत होता. ताईंनी टाळ्या वाजवल्या.

तो त्यांचा नियम झाला. ज्याने फाडलं त्याने एक टाका घालायचा. काही लबाड मुलं टाका घालायला मिळावा म्हणून मुद्दाम ओढायची. ताईंना लगेच कळायचं. "मुद्दाम ओढलंस ना रे? मग दोन घाल. आणि दुसरा सरळ पाहिजे." माझ्या पाठीवर आज त्रेचाळीस टाके आहेत. सगळे मुलांचे. एकही सरळ नाही.

आता माझ्या रागाचं ऐका. मोठी माणसं यायची, मला दोन बोटांत उचलायची आणि आपल्या मुलाला म्हणायची, "ठेव तो, सगळ्यांनी हाताळलाय." कोणी म्हणायचं, "छान टाईमपास आहे हो तुमचा." कोणी मैत्रिणीला हळूच म्हणायचं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हौशी बायका असतात. त्यांना काय, विकलं काय आणि नाही विकलं काय." एक बाई दर वर्षी यायच्या, सगळ्या हत्तींचे फोटो काढायच्या आणि जायच्या. चौथ्या वर्षी ताई त्यांना म्हणाल्या, "फोटो झाले असतील तर एक तुमचाही द्या. हत्ती विचारतात, बाई कोण म्हणून."

मला कळत नाही, हसत केलेलं काम कमी दर्जाचं कसं? ताई एका हत्तीला चार दिवस लावायच्या. शिवण आतून दुहेरी घालायच्या. बोटाला सुई टोचून टोचून घट्टा पडला होता. तो कोणी पाहिला नाही, कारण त्या हसत होत्या. तोंड पाडून बसल्या असत्या तर त्याच लोकांनी म्हटलं असतं, बिचारी किती कष्ट करते.

आणि कचरूकाका? ते सकाळी रिक्षातून पेटी आणायचे, टेबलापर्यंत पोचवायचे आणि जायचे. संध्याकाळी आठला न्यायला यायचे. बारा वर्षं हेच. दारातच विचारायचे, "किती गेले?"

"सहा. आणि फार मजा आली."

"मजा विचारली नाही मी," काका म्हणायचे आणि पेटी उचलायचे.

ते वाईट नव्हते. पेटीचं वजन कधी ताईंवर येऊ दिलं नाही. पण मजा कसली, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. ताई रिक्षात बसून सांगायला लागायच्या, "आज एक मुलगी काय म्हणाली माहितीये का?" आणि काका रिक्षावाल्याला म्हणायचे, "बाबा, सिग्नलवरून डावीकडे." पेटीच्या फटीतून मला सगळं ऐकू यायचं. ती मुलगी काय म्हणाली, ते त्यांना अजून माहीत नाही.

शेवटच्या दिवाळीत ताईंचा हात खरंच कापत होता. त्यांनी शिवणं बंद केलं होतं. सुईसुद्धा मुलंच ओवायची. ताई खुर्चीत बसून नुसत्या सांगायच्या आणि हसायच्या. संध्याकाळी मला पेटीत ठेवताना त्यांनी माझं पोट थोपटलं. मग ते झाकण बंद झालं.

आता परत यंदाच्या गोष्टीकडे येतो. कोथरूडच्या दिवाळी प्रदर्शनात ताईंच्या नावाने टेबल आधीच ठरलेलं होतं. आयोजकांचा फोन आला तेव्हा काका म्हणाले, "तिचं नाव लागलंय ना? मग टेबल लागेल." म्हणून त्यांनी पेटी उघडली होती. चौदा हत्ती पुसले. माझ्यासाठी मात्र त्यांनी वेगळी तयारी केली. जाड प्लास्टिकची पिशवी आणली, मला आत घातलं आणि तोंड चिकटपट्टीने बंद केलं. तीन पदरी. क्वालिटीचं काम! खाली छापील पाटी लावली. "कालकथित ललिता कचरू मेश्राम यांच्या हातचे शेवटचे टाके. विक्रीसाठी नाही. हात लावू नये."

मित्रांनो, बारा वर्षं ज्याला हजारो हातांनी दाबलं, त्याला पिशवीत घातल्यावर काय होतं, हे तुम्हाला कसं सांगू? मुलं यायची, पाटी वाचायची आणि हात मागे बांधायची. मोठी माणसं हात जोडायची. माझ्यापुढे हात जोडायचे! मी काय देव आहे? मी पँटच्या कापडाचा नापास हत्ती आहे. एक बाई म्हणाल्या, "किती छान जपलंय तुम्ही काका." काकांनी मान हलवली. त्या बाईंना एक ठोसा द्यावा असं मला वाटलं.

पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. तिचं नाव कल्याणी. ती लांबूनच पळत आली आणि थांबली.

"हत्तीआजी कुठेत?"

काकांनी पाटीकडे बोट दाखवलं. तिने वाचली. मग पिशवीजवळ तोंड नेऊन म्हणाली, "हा निळा माझा आहे."

"काय?"

"हा टाका. पाठीवरचा, मानेजवळचा. मी पहिलीत होते तेव्हा घातलाय."

"हे टाके आजीने घातलेत, बाळा."

"नाही. आजींनी नाही घातले. सगळे आमचेच आहेत."

काका उभे राहिले. चाळीस वर्षं पुण्यात राहूनही रागावले की त्यांच्या तोंडून वर्ध्याची भाषा निघते. "काहून खोटं बोलतेस?" ते ओरडले. "मेलेल्या माणसाच्या वस्तूवर हक्क सांगतेस?"

कल्याणीचा चेहरा लाल झाला. "अहो काका, लहान आहे ती," तिची आई म्हणाली आणि तिचा हात धरून निघू लागली. पण कल्याणी हलली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी म्हणाली, "मी खोटं बोलत नाहीये. मी गाठ मारायची विसरले होते. आजींनी मला परत बोलावून मारायला लावली. बघा, दोन गाठी आहेत."

काकांनी चष्मा वर केला आणि वाकून पाहिलं. दोन गाठी होत्या.

शेजारच्या टेबलावर मातीचे दागिने विकणारी तेजस्विनी होती. ती सहा वर्षं ताईंच्या शेजारी बसत आली होती. ती हळूच म्हणाली, "काका, ती खरं सांगतेय. काकू मुलांकडूनच शिवून घ्यायच्या. जो फाडेल त्याने एक टाका. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"मग आमच्या हिचे टाके कुठे आहेत?"

उत्तर मला माहीत होतं. ताईंचे टाके आतल्या बाजूला आहेत, उलट शिवलेले. मला फाडल्याशिवाय ते दिसणार नाहीत.

काका खाली बसले. गेले काही आठवडे ते रोज सकाळी त्या टाक्यांकडे बघत होते, आणि त्यातला एकही तिचा नव्हता. मला त्यांची दया आली. पण राग गेला नाही. बारा वर्षांत एक दिवस ते टेबलाशी थांबले असते, तर एका मुलीवर ओरडायची वेळ आली नसती. कल्याणी आईबरोबर निघून गेली. काकांनी तिची माफी मागितली नाही. त्या दिवशी त्यांनी पाचलाच टेबल आवरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ब्लेडने चिकटपट्टी कापली. एकेक पदर, सावकाश. मला टेबलाच्या पुढच्या कडेला ठेवलं. पाटी लावली नाही, ही नाही आणि तीही नाही. मग तेजस्विनीला म्हणाले, "पोरी, ती इथे काय करायची? सगळं सांग. घाई करू नकोस."

तेजस्विनीने सांगितलं. आजोबांच्या 'नका'ची गोष्ट सांगितली, फोटोवाल्या बाईंची सांगितली. काका मोजमाप घेतल्यासारखे लक्ष देऊन ऐकत होते.

"हसायची?" त्यांनी विचारलं.

"काका, जिन्यापर्यंत ऐकू यायचं."

"घरी एवढी हसायची नाही."

यावर तेजस्विनी काही बोलली नाही. बोलायला हवं होतं असं मला वाटलं. नंतर वाटलं, नको.

संध्याकाळी प्रदर्शन संपत आलं तेव्हा पाचेक वर्षांचा एक मुलगा आला. त्याने कोणाला न विचारता माझा डावा कान धरून ओढला आणि कान टर्रकन फाटला. त्याचे वडील धावत आले. "सॉरी, सॉरी काका! आम्ही घेतो हा, सांगा कितीला?"

"विकायचा नाही," काका म्हणाले. मुलाचा ओठ थरथरायला लागला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दोऱ्यांच्या डब्याकडे. घसा साफ केला. "मी ओरडत नाही," ते म्हणाले. आवाज मात्र ओरडल्यासारखाच होता. "रंग निवड."

"पिवळा," मुलगा म्हणाला.

काका सुई ओवायला लागले. ज्या हातांनी केसाएवढा फरक मोजला, त्या हातांना सुईचं भोक सापडेना. दोरा फुटला. तो त्यांनी थुंकीने ओला केला, परत फुटला. मुलगा हनुवटी टेबलावर टेकून बघत होता. रडणं विसरला होता. "थोडं खाली," तो म्हणाला. "आता वर. अरेरे!" आणि काका हसले. पुरतं नाही, अर्धंच. पण मी ते पाहिलं.

"साई, चल," वडील म्हणाले. "आपली बस जाईल."

"दोन मिनिटं थांबा," काका म्हणाले.

"सॉरी काका, खरंच उशीर झालाय."

साईला त्यांनी उचलून नेलं. खांद्यावरून तो मागे बघत होता. दोन मिनिटं मित्रांनो! येताना मोबाईलवर बोलत दारात पाच मिनिटं उभ्या राहिलेल्या माणसाला दोन मिनिटं नव्हती. ते दाराबाहेर गेले आणि तेवढ्यात दोरा सुईत गेला.

"काका, द्या, मी शिवून टाकते," तेजस्विनी म्हणाली.

"नको. ज्याने फाडलं त्याने घालायचा," काका म्हणाले आणि सुई माझ्या कानात खोचून ठेवली.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असं तुम्हाला नेहमी सांगतात. मी जरा वेगळं सांगतो. जपायचं म्हणून आम्हाला पिशवीत कोंडू नका. आम्हाला हातात घ्या, फाटलो तर शिवा. आणि तुमच्या घरातलं कोणी बाहेरून आलं आणि म्हणालं, आज मजा आली, तर त्याला कसली मजा ते विचारा. ते माणूस समोर असतानाच विचारा. पुढे विचारता येत नाही. मग मातीचे दागिने विकणाऱ्या परक्या पोरीला विचारावं लागतं.

मी आता पेटीत नाही. दिवाणावर, उशीशेजारी असतो. काका रोज मला उचलतात. उन्हाळ्याच्या प्रदर्शनाचा अर्ज आणलेला आहे, भरलेला नाही. कल्याणीची माफी मागायची आहे. ती कुठे राहते ते माहीत नाही. माझा डावा कान उघडा आहे, पिवळा दोरा ओवलेली सुई त्यात आहे आणि टाका घातलेला नाही.